दहा माणसांपुरती कोरडी जागा

धक्क्यावरच्या विजेच्या खांबाला ओमनक्कुट्टन काळा झेंडा बांधत होता. गुडघाभर पाण्यात उभा, दोरीचं टोक दातांत धरलेलं. सहदेवन होडी वल्हवत त्याच्या बाजूने चालला होता. भाताची पोती आणि गाद्या माळ्यावर टाकायला तो आदल्या दिवशी घरी आला होता, आता परत शहरात इस्पितळात, आजारी बायकोकडे निघाला होता. जाता जाता त्याने सहज विचारलं,

"कोण गेलं रे?"

ओमनक्कुट्टनने दातांतली दोरी काढली नाही.

"अरे, कोण गेलं? वर्क्कीचा म्हातारा का?"

ओमनक्कुट्टन पक्षाच्या शाखेचा सेक्रेटरी. त्याच्या तोंडाला एरवी कुलूप नसायचं. आता दोरी सुटली आणि झेंडा पाण्यात पडला.

"चेट्टा, तुम्हाला फोन नाही आला?"

फोन कसा येणार? टॉवरची बॅटरीच पाण्याखाली होती. सहदेवनने वल्हं आडवं ठेवलं. होडी आपोआप जाऊन खांबाला लागली.

"पंकजम?"

"पहाटे. पहिल्या सरकारी बोटीच्या ड्रायव्हरकडून निरोप आला. ज्ञानदास कॉम्रेडनी सांगितलं, आधी झेंडे लावून घे..." बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं आपण काय बोलतोय ते. "मी तुमच्याकडेच येणार होतो, चेट्टा. देवाशपथ."

"तू देव कुठे मानतोस," सहदेवन म्हणाला.  त्याने वाकून झेंडा पाण्यातून काढला, पिळला आणि त्याच्या हातात दिला. "वर बांध. एवढ्या खाली बांधलास तर दुपारपर्यंत बुडेल."

पंकजाक्षीला, सहदेवनच्या पंकजमला, कैतप्पाडम बेटावर सगळे पंकजाक्षीचेच्ची म्हणत. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा तिला ताईच म्हणायची, आणि सहदेवन तरुण पोरांचा चेट्टा, म्हणजे दादा. भात कापणाऱ्या बायकांची पुढारी म्हणून ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं. मग पंचायतीत आली, दोनदा आमदार झाली, एकदा पडली, पडल्यावर परत पंचायतीत येऊन अध्यक्ष झाली. आमदार राहिलेलं माणूस पंचायतीत परत येत नाही, लोक हसले. ती म्हणाली, हसा, पण नळाचा पाइप कुठे फुटलाय ते सांगून हसा. पिण्याच्या पाण्याची टाकी तिने आणली. शाळेच्या वेळेची बोट तिने सुरू केली. मूलबाळ झालं नाही. गावच तुमचं मूल, असं कोणी भाषणात म्हटलं की ती घरी येऊन म्हणायची, "एवढं हट्टी मूल मी कशाला जन्माला घालीन?"

सहदेवन शेतातल्या पंपावर होता. कुट्टनाडातली शेतं नदीच्या पातळीच्या खाली असतात. बांधाच्या आतलं पाणी पंपाने नदीत फेकायचं, तेव्हा कुठे जमीन वर येते आणि भात पेरता येतो. आयुष्यभर त्याने तेच केलं. बायको सभेत आणि नवरा पंपावर. लोक चेष्टा करायचे, सहदेवन पाणी काढतो आणि चेच्ची घाम काढते. त्याला ती चेष्टा आवडायची.

शहरातल्या टाउन हॉलमध्ये तो पोचला तेव्हा रांग रस्त्यापर्यंत आली होती. पंकजाक्षी बर्फाच्या पेटीत होती, वर काच, काचेवर पक्षाचा झेंडा. स्टेजवर मोठा फ्लेक्स. पुढच्या महिन्यात, ओणमच्या आधी, तिच्या चाळीस वर्षांच्या लोकसेवेबद्दल सत्कार व्हायचा होता, त्यासाठी छापून ठेवलेला. 'भव्य सत्कार' या शब्दांवर कागदाची पट्टी डकवून 'आदरांजली' लिहिलं होतं. फोटो तोच, हात वर केलेला. तिनेच निवडलेला. या फोटोत माझे दात कमी दिसतात, असं म्हणाली होती.

त्याला कोणीतरी खुर्ची दिली. तो पेटीच्या उशाशी बसला. माणसं येत होती, पायांशी थांबत होती, त्याचे हात हातात घेत होती. कैतप्पाडमची चेल्लम्मा आली. तिने काचेवर थाप मारली.

"पेन्शनचं बघते म्हणालीस आणि निजलीस होय गं? आता मी कोणाच्या दारात जाऊ?"

एका कार्यकर्त्याने तिला पुढे सरकवलं. "अम्मा, चला, मागे माणसं आहेत."

"माणसं आयुष्यभर मागेच होती तिच्या," चेल्लम्मा म्हणाली. "मला ढकलू नकोस."

दुपारनंतर ज्ञानदास आला. जिल्ह्याचा सेक्रेटरी, पांढरा शर्ट, डोळे सुजलेले. पंकजाक्षीने त्याला विद्यार्थी असताना पक्षात आणलं होतं. तो सहदेवनच्या खुर्चीशी उकिडवा बसला.

"चेट्टा, सगळी व्यवस्था झाली आहे. उद्या दुपारी सरकारी इतमामात. मंत्री येणार. बंदुकीची सलामी. आणि जागा आपली, पक्षाची, जुन्या मोठ्या पुढाऱ्यांच्या शेजारी. आजवर एकाही बाईला तिथे जागा मिळालेली नाही."

"तिला बेटावर न्यायचंय," सहदेवन म्हणाला.

ज्ञानदासने काचेवरच्या झेंड्याची कड सरळ केली. त्याला माहीत होतं. बेटावर सगळ्यांनाच माहीत होतं.

पुष्कळ वर्षांपूर्वी, असाच पूर असताना, बेटावरची कार्त्यायनी म्हातारी वारली होती. पुरात बेटावर मेलेल्याला जाळायला कोरडी जमीन नसते. ज्यांचे नातेवाईक उंचावर राहतात ते प्रेत तिकडे नेतात. ज्यांचं कोणी नसतं ते अंगणातल्या पाण्यात सिमेंटचे ठोकळे रचतात, ठोकळ्यांवर आंब्याचं लाकूड, नारळाची सोडणं, करवंट्या रचतात, आणि जाळतात. कार्त्यायनीचे ठोकळे अर्ध्यातच खचले. चिता कलली आणि पाण्यात गेली. जे उरलं होतं ते तिच्या मुलाने बांबूने ओढून परत वर घेतलं. पंकजाक्षी तेव्हा पंचायतीत नवी होती. तिने ते उभं राहून पाहिलं. त्या दिवसापासून बेटावर स्मशान हवं, पुरातही कोरडं राहील असं, हे तिचं एकच पालुपद झालं. प्रत्येक सभेच्या शेवटी ती म्हणायची, "आणि मला इथेच जाळायचं. शहरात नेलंत तर तिथूनही भाषण करीन."

लोक हसायचे. पण तो शब्द होता. तिने गावाला दिलेला.

"चेट्टा, बेटावर पोलिसांना उभं राहायला जागा नाही," ज्ञानदास म्हणाला.

"मग होडीत बसून बंदुका उडवू देत."

"चेष्टा करू नका."

"मी चेष्टा करत नाहीये. ती चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर पाण्यात उभी राहिली. आता एकदा सरकारला पाण्यात उभं राहू दे."

ज्ञानदासने डोळे पुसले. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "उद्या सकाळी मी इन्स्पेक्टरला घेऊन येतो. दहा शिपाई उभे राहतील आणि चिता रचता येईल एवढी कोरडी जागा दाखवा. दाखवलीत तर मंत्र्यांना मी बोटीत घालून आणतो. माझा शब्द."

सहदेवन लगेच उठला. पेटीकडे पाहिलंही नाही त्याने. पाहिलं असतं तर परत खाली बसला असता.

बेटावर कोरडी जागा एकच होऊ शकत होती. शाळेच्या मागे स्मशानाचं काम सुरू होऊन थांबलं होतं, तिथे. पंकजाक्षी अध्यक्ष असताना भराव घातला, चार खांब उभे राहिले, कोनशिला बसली. मग निवडणूक झाली, सत्ता गेली, पुढचा पैसा आला नाही. खांब तेवढे राहिले, छपराशिवाय. आता ते कमरेपर्यंत पाण्यात होते.

तोमाच्चनचा डिझेलचा पंप होडीवर चढवला. तोमाच्चन शेजारी. त्याच्या बायकोला चर्चच्या आवारात पुरलं होतं, आणि चर्चचं आवारही आता पाण्यातच होतं.

"आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात," तोमाच्चन पट्टा चढवत म्हणाला. "कैतप्पाडमला मेल्यावरसुद्धा जमीन दिसत नाही. चल, सहदेवा, काढू तुझ्या बायकोसाठी जमीन."

बातमी पोचली तसे लोक आले. पक्षाचे आले, विरोधातलेही आले. पोहणारे बाप्ये नदीत बुड्या मारून तळातली चिकणमाती कवेत घेऊन वर येत होते. बेटावरचे बांध असेच बांधतात. बांबू ठोकले, झावळ्या विणून लावल्या, आत चिकणमाती दाबली. बायका होडीतून ढेकळं हातोहात देत होत्या. चार खांबांच्या भोवती बांधाचं कडं तयार झालं तेव्हा पहाट व्हायला आली होती. पेजेचं भांडं फिरलं. सहदेवन पेज प्यायला नाही. चेल्लम्माने त्याच्या हातात वाटी कोंबली. "पी. तुझी बायको पुढारी होती, मी नाही. मी ऐकून घेणार नाही."

सकाळी उजेड फुटताच पंप सुरू झाला. पाणी पाइपातून धो धो बाहेर पडायला लागलं. सहदेवनने कान लावला. पंपाचा आवाज त्याला माणसाच्या बोलण्यासारखा कळायचा. आवाज बरा होता. कडं पाझरत नव्हतं. पाणी मांडीवरून गुडघ्यावर आलं, गुडघ्यावरून घोट्यावर. मग खांबांच्या मधे वाळू दिसली. ओल्या वाळूचा तुकडा, अंगणाएवढा. ओमनक्कुट्टनने टाळी वाजवली आणि मग हात मागे घेतला.

"पंप बंद कर," सहदेवन म्हणाला. "बघू."

पंप थांबला. सगळे बांधाकडे बघत होते. सहदेवन वाळूकडे बघत होता. थोड्याच वेळात वाळूतून बुडबुडे यायला लागले. एक इथे, एक तिथे. मग सगळीकडून. बांध धड होता. पाणी खालून येत होतं.

 प्रत्येकाला कारण ठाऊक होतं. कुट्टनाडात भराव चिकणमातीचाच घालतात. वाळूचा घातला तर खालचं पाणी चाळणीतून यावं तसं वर येतं. चिकणमाती घातली की ती दोन उन्हाळे वाळावी लागते, मग तिच्यावर काही बांधता येतं. पंकजाक्षीकडे दोन उन्हाळे नव्हते. निवडणूक तोंडावर होती. खांब उभे दिसल्याशिवाय मत मागायला कशी जाऊ, असं ती म्हणाली होती. सहदेवनने तेव्हा सांगितलं होतं, पंकजम, वाळू नको. ती म्हणाली होती, "मला माहीत नाही का? मी काय उंचावरची आहे? पण खांब उभे राहिले तर पुढचा माणूस काम थांबवू शकणार नाही. वरून मग घालू चिकणमाती." पुढच्या माणसाने काम थांबवलं. आणि वरून काहीच पडलं नाही.

"पंप चालू ठेवला तर कोरडं राहील," ओमनक्कुट्टन म्हणाला आणि त्याने पंप परत चालू केला. "पाणी तेवढंच येतंय, पंप तेवढंच ओढतोय."

"चितेला किती वेळ लागतो?" तोमाच्चनने विचारलं. "पावसाळ्यातलं लाकूड. संध्याकाळपर्यंत. माझा हा पंप माझ्यापेक्षा थकलाय. मधेच पट्टा तुटला तर?"

"दुसरा पंप आणू."

"कुठून? बाकीचे सगळे बुडालेत."

ज्ञानदासची बोट आली. बरोबर पोलीस इन्स्पेक्टर होता, समजूतदार माणूस. बूट काढून हातात घेतले आणि तो वाळूत उतरला. पाय घोट्यापर्यंत रुतले. त्याने मागेपुढे चालून पाहिलं.

"माझी माणसं उभी राहतील," तो म्हणाला. "रुततील जरा, पण राहतील. त्यांनी बाईंना पाहिलेलं आहे, तक्रार करणार नाहीत. चितेचं तुम्ही बघा."

ज्ञानदासने सहदेवनकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. बांधावर बायका उभ्या होत्या, हातापायांवर चिकणमाती वाळत होती. पलीकडे आंब्याचं लाकूड होडीत भरून तयार होतं. कोणीतरी अंगणातला आंबा रात्रीच तोडला होता, न विचारता. सहदेवनने फक्त हो म्हणायचं होतं.

त्याने हो म्हणून पाहिलं, मनात. सलामी होईल. मंत्री परत जातील. चिता पेटलेली राहील आणि पंप चालू राहील. मग एखादा खट्ट आवाज. आणि वाळूतून पाणी वर येईल, लाकडाखाली, तिच्याखाली. कार्त्यायनीचा मुलगा बांबू घेऊन पाण्यात उभा होता तेव्हा सहदेवनही तिथे होता. तो मुलगा पुढे गाव सोडून गेला. परत आला नाही.

"शहरातच करा," सहदेवन म्हणाला.

बांधावरून चेल्लम्मा म्हणाली, "काय म्हणालास? रात्रभर आमची पोरं नदीत बुड्या मारत होती, ती कशाला? चेच्चीने शब्द दिला होता!"

"शब्द तिने दिला होता. मोडतोय मी."

"घाबरलास."

"हो," सहदेवन म्हणाला. "घाबरलो."

तोमाच्चनने पंप बंद केला.  वाळूवर पाणी चढलं, मग माणसं एक एक करून होड्यांत बसली.

दुपारी शहरात सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मंत्री आले. बंदुका तीनदा झडल्या. पक्षाचा झेंडा काढून घडी करून सहदेवनच्या हातात दिला. जागा उंच होती, कोरडी, बाजूला मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या संगमरवरी फरशा. अग्नी सहदेवनने दिला. लाकूड चांगलं वाळलेलं होतं. चटकन पेटलं. तो जवळ उभा राहिला, कोणी मागे ओढेपर्यंत.

मग तिथेच, धूर निघत असतानाच, सर्वपक्षीय शोकसभा सुरू झाली. रीतच आहे तशी. मांडव घातलेला होता, माइक लावलेला होता. मंत्र्यांनी आठवण सांगितली. पंकजाक्षीने ज्याला दोनदा पाडलं आणि ज्याने तिला एकदा पाडलं तो म्हातारा वकील उभा राहिला. म्हणाला, "तिच्याविरुद्ध हरण्यात लाज नव्हती. जिंकण्यात थोडी होती." लोक हसले, मग रडले. वकिलाने चष्मा काढला आणि तो खाली बसला. सहदेवनला वाटलं, तिला हे आवडलं असतं.

ज्ञानदासने ठराव मांडला. कैतप्पाडमच्या धक्क्यावर पंकजाक्षीच्या नावाने प्रवाशांसाठी निवारा. शाळेच्या बोटीला तिचं नाव. आणि बेटावरचं स्मशान, जे तिचं स्वप्न होतं, ते पूर्ण करून त्याला तिचं नाव. टाळ्या वाजल्या नाहीत, शोकसभा होती, पण माना हलल्या. मग ज्ञानदास म्हणाला, "सहदेवनचेट्टांनी दोन शब्द बोलावेत."

सहदेवन आयुष्यात कधी माइकसमोर उभा राहिला नव्हता. त्याने माइक हातात धरला, ओमनक्कुट्टनने तो परत तोंडासमोर केला.

"स्मशानाला नाव देण्याआधी," तो म्हणाला, "खालची वाळू काढा."

माना हलायच्या थांबल्या.

"तिथे वाळू भरलीय. पंकजमने भरू दिली. तिला माहीत होतं वाळू चालत नाही. घाई होती तिला. दुसऱ्या कोणाची चूक नाही, तिचीच. त्या वाळूवरच छप्पर घातलंत तर पुढच्या पुरात तेही कामाचं नाही. आधी वाळू काढा, चिकणमाती घाला, ती दोन उन्हाळे सुकू द्या. मग बांधा. एवढंच."

पुढच्या रांगेतल्या कोणीतरी हळू आवाजात म्हटलं, "आज हे बोलायचा दिवस आहे का?" सहदेवनला ऐकू आलं. त्याला उत्तर द्यायचं होतं की आज नाही तर कधी, उद्या तुम्ही कुठे असाल. पण माइक त्याने ओमनक्कुट्टनच्या हातात दिला. तो खाली उतरला.

ज्ञानदासने परत माइक घेतला आणि म्हणाला, चेट्टांचं दुःख आपण सगळे समजू शकतो. मग दोन मिनिटं सगळे उभे राहिले.

परतीच्या बोटीत तोमाच्चन त्याच्या शेजारी बसला होता. बेट दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, "चेच्ची असती तर माइक तुझ्या हातातून ओढून घेतला असता तिने."

"हो. आणि घरी येऊन दोन दिवस बोलली नसती."

"तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी वाळू काढायला माणसं लावली असती."

पाणी उतरायला पुढे पुष्कळ दिवस गेले. ओणम झाला, तसा झाला. धक्क्यावरच्या निवाऱ्याचं काम मात्र लगेच सुरू झालं. निळे पत्रे आले, तिचं नाव असलेली पाटी आली, पाटीवर तोच हात वर केलेला फोटो. लोक तिथे बसून बोटीची वाट बघतात आणि सहदेवन दिसला की उठून उभे राहतात. ओमनक्कुट्टन त्याला ठरावाची छापील प्रत देऊन गेला. त्यात निवारा आहे, बोटीचं नाव आहे, स्मशानाचं नाव आहे. वाळूचा उल्लेख नाही.

वर्क्कीचा म्हातारा तुलाम महिन्यात, दिवाळीच्या सुमारास वारला. पुन्हा पाऊस लागला होता. ते लोक चर्चचे, त्यांनी शवपेटी माळ्यावर ठेवली आणि पाणी उतरायची वाट बघितली. त्याच आठवड्यात चेल्लम्माचा दीरही गेला. त्याच्यासाठी ठोकळे रचले. सहदेवन तिथे गेला, शेवटपर्यंत उभा राहिला. ठोकळे खचले नाहीत.

शाळेच्या मागे चार खांब आहेत. त्यांच्याखाली वाळू आहे. ती काढायची राहिली आहे.